रणभिसे बाईंचा अपुरा कार्यक्रम

मुलाखतीत बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "घरी कुठल्या भाषेत भांडता?"

मी तयारी करून गेले होते. नाव, डिग्री, आवडीनिवडी, सगळं इंग्रजीत पाठ होतं. सोलापुरात आधी आडनाव विचारतात, मग वडील काय करतात ते विचारतात, आणि तेवढ्यावरून समोरच्याला तुमच्याबद्दल हवं ते कळलेलं असतं. त्याचीही उत्तरं माझ्याकडे होती. भांडणाचं नव्हतं.

"तेलुगूत," मी म्हटलं.

"आणि रुसता?"

"रुसायला भाषा लागत नाही, मॅडम."

बाई शेजारच्या प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, "हिला घेऊ या. कमी बोलते, पण नेमकं बोलते." मग मला म्हणाल्या, "मॅडम म्हणू नकोस. बाई म्हण. आणि कधी चिडलीस तर तेलुगूत चीड, मी शिकेन."

रेव्हरंड डॉक्टर सरोज रणभिसे यांची तीन कामं होती. सकाळी त्या शहरातल्या एका छोट्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयात शिकवायच्या, म्हणजे पुढे चर्चचे पाळक, धर्मगुरू होणाऱ्या मुलामुलींना घडवायच्या. रविवारी त्याच आवारातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये स्वतः पाळक म्हणून उभ्या राहायच्या. उरलेल्या वेळात त्या महाविद्यालयाचं विविधता केंद्र चालवायच्या. केंद्र म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि दाराबाहेर माठ. तिथून बाई शाळांत, बँकांत, दवाखान्यांत जायच्या आणि आपल्यासारखी नसलेली माणसं शेजारी बसली तर कसं वागायचं यावर बोलायच्या. त्या बोलण्याचे इंग्रजीत रिपोर्ट करून पुण्याच्या मुख्य कार्यालयाला पाठवणं हे माझं काम.

त्या बुटक्या होत्या, जरा स्थूल. सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. स्कूटी रस्त्याच्या अगदी मधोमध आणि इतकी सावकाश चालवायच्या, की मागच्या रिक्षावाल्यांनाही हॉर्न वाजवून कंटाळा यायचा. पाळकाचा पांढरा झगा साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घडी घालून डिकीत असायचा आणि त्यावर शेंगाचटणीची बरणी. शेंगाचटणी त्या केळ्याबरोबरसुद्धा खायच्या. चर्चच्या फोनवर कुणी "पाळकसाहेबांना द्या" म्हटलं की "बोला, साहेबच बोलतेय" म्हणायच्या. गाणं त्यांना अजिबात येत नव्हतं, आणि चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने त्याच गायच्या.

वर्गात बाई फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. विद्यार्थी पंधरा-वीस. अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे, शहरातले तेलुगू, बाकीचे आसपासच्या खेड्यांतले. कुणी पाठ केलेलं उत्तर दिलं की मागून आवाज यायचा, "हे पुस्तकाला सांगितलंस. आता आईला सांग."

एकदा होटगीच्या एका विद्यार्थ्याने कृपेची लांबलचक व्याख्या म्हटली. बाई म्हणाल्या, "आईला सांग."

"म्हणजे फोन लावू?" त्याने चेष्टेत विचारलं.

"लाव की. स्पीकरवर लाव."

मी त्या दिवशी फोटो काढायला वर्गात होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

"आई, जेवलीस का?"

"जेवले की. काय झालं? कालेजातनं काडलं का तुला?"

वर्ग हसला. "न्हाय गं. बाई इचारतात म्हणून सांगतोय. आपुन लायक नसताना देव आपल्याला देतो, त्याला कृपा म्हंत्यात."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "म्हंजी मी तुला धा वर्सं डबा दिला तसं का?"

"व्हय. तसंच."

"मग त्यात कालेजात जाऊन शिकायसारकं काय हाय? ठिव, दूद उतू चाललंय."

बाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी डब्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, आणि त्या वर्षीच्या परीक्षेत प्रश्न आला: डब्याचं उदाहरण कुठपर्यंत पुरतं आणि कुठे कमी पडतं? मी तो पेपर घरी नेऊन गुपचूप सोडवून पाहिला. जमला नाही.

चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. रस एकाच मोठ्या प्याल्यातून सगळ्यांना दिला जातो, आणि प्रत्येक माणसानंतर पाळक पांढऱ्या रुमालाने कड पुसून प्याला जरा फिरवतात. बाई येण्यापूर्वी भाकरीच्या जागी बेकरीतला पाव असायचा. बाईंनी आल्या आल्या आपली सोलापुरी कडक भाकरी सुरू केली. पहिल्याच वेळी, सगळे डोळे मिटून शांत प्रार्थनेत असताना, चर्चभर कटकट आवाज झाला म्हणे. चर्चच्या पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ जोसेफ काका उपासना संपल्यावर म्हणाले, "बाई, ही उपासना आहे का खानावळ?"

"काका, दाताला लागली का?"

"दात आहेत कुठे लागायला!"

पुढच्या महिन्यापासून ताटलीत एक तुकडा मऊ असायचा, एका कडेला ठेवलेला. काका समोर आले की बाईंचा हात न बघता त्या तुकड्याकडे जायचा. काकांच्या तोंडून बाईंचं कौतुक कधी निघालं नाही, पण त्यांनी पावाचा विषयही पुन्हा काढला नाही.

मी ख्रिस्ती नाही. रविवारी फोटोसाठी जायचे आणि दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसायचे. तिथून सगळं दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही. चर्चमध्ये बाकांच्या दोन रांगा होत्या, डावी आणि उजवी. कोण कुठे बसायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा ते गावात कुठल्या वस्तीत राहत होते, त्यावरून ते चालत आलं होतं. बाई उजवीकडच्या घरातल्या. याकोब मामा डावीकडचे, अगदी शेवटच्या बाकावरचे.

याकोब मामा महाविद्यालयाचे शिपाई. चर्चची घंटाही तेच वाजवत, बाकं तेच पुसत, प्रभुभोजनाचं टेबल तेच मांडत. आणि केंद्राच्या दाराशी असलेला माठ रोज घासून तेच भरत. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, पण मामांचा माठ कधी शिळा नसायचा.

पहिल्या दिवशी मला ते म्हणाले, "म्याडम, माठातलं पानी लई गार हाय."

"आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

माझ्या बॅगेत आईने दोन बाटल्या घातल्या होत्या. "तिकडचं पाणी पिऊ नकोस," ती म्हणाली होती. का, ते ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्या घरी असं विचारत नाहीत. मामांनी आणखी दोन-तीनदा माठाचं सांगितलं आणि मग सोडून दिलं. बाईंनी बाटल्या पाहिल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चार महिने मी विविधतेवर रिपोर्ट लिहिले आणि बाटलीतलं कोमट पाणी प्यायले.

एप्रिलमध्ये एकदा बाटल्या अकरा वाजताच संपल्या. मी बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. मग उठून माठातून पाणी घेतलं. मामा व्हरांड्यात झाडू मारत होते. त्यांनी पाहिलं आणि ते झाडत राहिले. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

प्रभुभोजनातली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. पाळक आधी स्वतः घेतात आणि मग मंडळीला देतात, अशी तिथली पद्धत. बाई स्वतः शेवटी घ्यायच्या. सगळे पुढे येऊन, पिऊन, जागेवर जाऊन बसले तरी त्या प्याला हातात धरून उभ्या राहायच्या. पेटी थांबलेली, फक्त पंख्यांचा आवाज. बाई समोर बघत, मिनिटभर, कधी दोन मिनिटं. मग उरलेला घोट स्वतः पिऊन प्याला खाली ठेवायच्या. मला वाटायचं त्या मनात प्रार्थना करतायत. नंतर लक्षात आलं, त्या शेवटच्या बाकाकडे बघतायत. टेबल मांडणारे याकोब मामा त्या टेबलाशी कधीच येत नव्हते.

करोनानंतर जोसेफ काकांनी पंचांच्या बैठकीत विषय काढला होता. सगळ्यांनी एका प्याल्याला तोंड लावणं आता बरं नाही, औषधाच्या मापाएवढे छोटे छोटे कप आणू. त्या बैठकीची टिपणं मी घेत होते.

"आणा," बाई म्हणाल्या. "पण मी निवृत्त झाल्यावर आणा. मेअखेर मी जातेच आहे."

"का पण? काय फरक पडतो?"

"मला एकाची वाट बघायची आहे, काका. छोट्या कपांत वाट बघता येत नाही."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. काकांनी चष्मा पुसला आणि "पुढचा विषय" म्हणाले. ते कप कपाटात येऊन पडले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मे संपायची वाट बघत.

मला खरी गोष्ट कळली ती मार्चमध्ये, फायलींमुळे. बाई निवृत्तीआधी केंद्राचं कपाट लावत होत्या. जुने रिपोर्ट वर्षांप्रमाणे लावण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात नऊ वर्षांपूर्वीचा एक इंग्रजी रिपोर्ट निघाला. 'पाण्याचा प्रयोग' असा मथळा, खाली हॉलभर हसऱ्या लोकांचा फोटो, आणि शेवटची ओळ: कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. त्या ओळीखाली पेन्सिलीने, बाईंच्या अक्षरात, मराठीत एकच शब्द होता. खोटं.

मी तो त्यांच्यासमोर ठेवला. बाईंनी चटणीची बरणी बाजूला केली, हात पुसले.

"याला फाडायचं नाही," त्या म्हणाल्या. "याच्या शेजारी दुसरा लावायचा. खरा. तो तू लिही."

"मला माहीत नाही काय झालं ते."

"मामांना विचार. त्यांचं आहे ते, माझं नाही. ते नको म्हणाले तर नको. आणि हे बघ, 'बाईंनी पाठवलंय' असं सांगू नकोस. मग त्यांना नाही म्हणता येणार नाही."

मी दोन दिवस नुसती व्हरांड्यात येरझारा घातल्या. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा तरी मला घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी मामाच म्हणाले, "म्याडम, काय हरवलंय का?"

मग मी सांगितलं. ते पायरीवर बसले आणि मलाही बसायला जागा दाखवली.

"त्या दिशी हॉल भरला हुता," ते म्हणाले. "कालेजातले सर, ब्यांकेतले लोक, शाळंतल्या बाया. बाई परदेशातनं ट्रेनिंग घिऊन आल्या हुत्या, लई उल्हास हुता त्यास्नी. मी च्या वाटत हुतो. बाई म्हनल्या, मामा, या, सुरवात तुमी करा. पान्यानं भरल्याला पेला दिला हातात. म्हनल्या, तोंड लावून प्या आनि शेजारच्याला द्या. त्यानं पिऊन फुडं द्यायचा."

"मग?"

"मी पिलो. शेजारच्या सरांनी पेला वर धरला आनि नुसता आ केला. फुडचा म्हनला सर्दी हाय. एक बाई म्हनल्या उपास हाय. पान्याचा कुटं उपास आसतो व्हय?" ते हसले. "समदा हॉल फिरून पेला परत आला तवा मी पिलो तेवडाच कमी हुता. मग बाई म्हनल्या, बगा, ह्येच मला दाखवायचं हुतं! आनि समदे माज्याकडं बगाय लागले."



"म्याडम, लोक पिनार न्हाईत ह्ये मला जन्मापास्नं ठावं हाय. मला शिकवायला कार्यक्रम नको हुता. आनि त्यास्नी शिकवायला मी कशाला पायजे हुतो? मग बाईंनी अर्धा तास भाषन केलं, लई चांगलं केलं. फोटू काढला. पेला टेबलावर तसाच. बाई बी पिल्या न्हाईत. बोलायच्या नादात इसरल्या आसतील. मी धुतला आनि कपाटात ठिवला."

"मी हे लिहू का, मामा?"

"लिवा. पर मराटीत लिवा. आनि मला वाचून दावा."

पुढचं बाईंनी मला सांगितलं, एका शाळेतून परतताना, स्कूटीवर, मान न वळवता. त्या कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी प्रभुभोजन होतं. मामा टेबलाशी आले नाहीत. बाईंना वाटलं पाय दुखत असेल. त्या प्याला घेऊन शेवटच्या बाकापर्यंत चालत गेल्या. "काय मोठेपणा वाटला मला माझा," बाई म्हणाल्या. मामा हळूच म्हणाले, "हितं आणू नगा, बाई. मला यायचं आसंल तवा मी यीन." तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या सगळ्यांना त्यांनी पत्रं लिहिली, की मी केलं ते चूक होतं, मी एका माणसाला उदाहरण केलं. एक प्रत मामांना दिली. मामांनी ती उभ्या उभ्या वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय."

"नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी ते मला नमस्कार करतात, मी करते. माझ्या आईच्या मातीला खड्डा त्यांनी खणला. आणि टेबलाशी येत नाहीत." मागून हॉर्न वाजत होते. बाईंनी स्कूटी आणखी हळू केली.

त्यानंतर बाईंनी कार्यशाळेत खेळ घेणं बंद केलं होतं. बँकेचे एक मॅनेजर माझ्यासमोर त्यांच्या मागे लागले, "मॅडम, लेक्चर नको, काहीतरी ॲक्टिव्हिटी घ्या, स्टाफ बोअर होतो." बाई म्हणाल्या, "ज्यात मी नाही असा खेळ मी दुसऱ्याला खेळायला लावत नाही. बोअर होऊ दे त्यांना." आणि चहा झाल्यावर त्या न सांगता उठल्या, सफाईच्या बाईंशेजारी उभं राहून कप विसळू लागल्या. मॅनेजर घाईघाईने म्हणाले, "फोटो घेऊ का?" बाई म्हणाल्या, "घेऊ नका."

मराठीत रिपोर्ट लिहायला मला आठवडा लागला. शाळेत मराठीत मी कायम काठावर पास व्हायचे. एका रविवारी उपासनेनंतर मी तो मामांना चर्चच्या पायरीवर वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"थांबा. स्टीलचा पेला लिवलाय तुमी. पितळंचा हुता."

मी दुरुस्त केलं.

"आनि मामांच्या डोळ्यांत पानी आलं आसं लिवलंय. न्हाय आलं. खोडा."

खोडलं. मी शेवटपर्यंत वाचलं. मामांनी डोळे उघडले.

"एक राहिलं. बाई पिल्या न्हाईत ते कुटं हाय?"

ते मी मुद्दाम गाळलं होतं. हातातला कागद गरम झाल्यासारखा वाटला.

"बाईंनी लिवू नगा म्हनून सांगिटलं का?"

"नाही. मीच."

"मग लिवा की."

मी लिहिलं. पण ओळ जरा मऊ केली. मी लिहिलं, 'बोलण्याच्या ओघात रणभिसे बाई स्वतः पाणी प्यायला विसरल्या.' तसं मामाच म्हणाले होते, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. पेन घेतलं, 'बोलण्याच्या ओघात' खोडलं, 'प्यायला विसरल्या' खोडलं, आणि वर लिहिलं, 'प्यायल्या नाहीत.'

"पण बाई, तुम्ही विसरलातच ना?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना मी कधी इतकं सावकाश बसताना पाहिलं नव्हतं.

"नऊ वर्षं मी स्वतःला तेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण तुला खरं सांगू? मला माहीत नाही. मी उजवीकडच्या बाकावर वाढलेय, अनुषा. हात का पुढे झाला नाही, ते मला माहीत नाही."

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली, आणि कागद माझ्याकडे दिला. "मामांना दाखव. मग फायलीला लाव."

मामांनी तो हातात घेऊन स्वतः वाचला. खोडलेल्या शब्दांवरून त्यांनी अंगठा फिरवला, जसा कापडाचा पोत बघतात तसा. मग सहीवरून. घंटेची वेळ झाली होती, ते गेले.

मेच्या पहिल्या रविवारी बाईंचं शेवटचं प्रभुभोजन होतं. त्यानंतर त्या मिरजेला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. चर्च भरलं होतं. दगडी भिंती असूनही आत भट्टी झाली होती. पंचांनी शाल आणली होती, पण बाईंनी "या उन्हात शाल कुणाला घालता?" म्हणून ती आधीच जोसेफ काकांच्या खांद्यावर टाकली होती, आणि काका ती काढावी की ठेवावी या पेचात घामाघूम बसले होते. मी दाराजवळच्या माझ्या टोकाला.

भाकरी झाली. कटकट आवाज झाला. मग प्याला. एकेक जण पुढे गेला, प्यायला, बाईंनी रुमालाने कड पुसली, प्याला फिरवला. शेवटची म्हातारी काठी टेकत जागेवर आली. पेटी थांबली.

बाई उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या. मी घड्याळ पाहिलं नाही, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. कुणीतरी खोकलं. काकांनी मान थोडी वळवली आणि परत सरळ केली. बाईंनी रुमालाचा हातही प्याल्याखाली धरला. प्याला जड असतो तो. मला वाटलं, आता त्या पितील, आणि संपेल.

शेवटचं बाक करकरलं.

मामा मधल्या वाटेने चालत गेले. घाई नाही, अंग चोरणं नाही, बाकं पुसायला जातात तसेच गेले. बाईंनी प्याला पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि प्यायले. मग आत वाकून पाहिलं, किती उरलंय ते, आणि प्याला बाईंकडे दिला. आणि तिथेच उभे राहिले, बघत.

बाईंच्या डाव्या हातात रुमाल होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला. प्याला न पुसता, न फिरवता, मामा जिथून प्यायले होते तिथेच तोंड लावून त्या प्यायल्या. सगळा.

मामांनी मान हलवली. चर्चमध्ये इतकी शांतता होती, की त्यांचं हलकं बोलणंही दारापर्यंत ऐकू आलं.

"झालं," ते म्हणाले. "आता पुरा झाला तुमचा कार्यक्रम."

बाईंना हसू फुटलं आणि त्याच वेळी ठसका लागला. झग्याच्या बाहीने तोंड पुसत त्या हसत होत्या, खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामा घंटा वाजवायला निघून गेले. गीत सुरू झालं, आणि बाई नेहमीपेक्षाही बेसूर गायल्या.

त्यानंतर मी बाईंना पाहिलेलं नाही. मिरजेहून त्यांचे फोन येतात, आधी चटणी पाठवायची आठवण, मग बाकीचं. ते छोटे कप आता वापरात आहेत. फायलीत दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी आहेत. पहिला, तो खोटा रिपोर्ट, मीसुद्धा इंग्रजीत फार चांगला लिहिला असता, असं मला कधी कधी वाटतं, आणि भीती वाटते.

पण मला त्या आठवतात त्या त्याच दुपारच्या. उपासनेनंतर लोक गेटबाहेर सावलीत उभे होते. मी कॅमेरा बॅगेत घालत होते, तेव्हा केंद्राच्या व्हरांड्यातून आवाज आले म्हणून वळून पाहिलं. नळाला पाणी नव्हतं, वार नव्हता पाण्याचा. बाई झगा खोचून माठाशी उकिडव्या बसल्या होत्या, प्याला घट्ट धरून.

"आना हिकडं," मामा म्हणत होते. "मी धुतो. माजं काम हाय ते."

"आज नाही. आज मी धुणार."

"तुमास्नी जमनार न्हाय. कडंला रस ऱ्हातो."

"तुम्ही पाणी ओता, मामा. बोलू नका."

"व्हय, बोलू नका म्हनं. नऊ वर्सं काय बोलत हुतो का मी?"

बाईंनी वर पाहिलं. मामांनी माठातून तांब्या भरला आणि हळूहळू, धार न तुटू देता, त्यांच्या हातांवर ओतू लागले.